पाहिले म्हणून आहे, की आहे म्हणून दिसते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तुमसरहून सिहोरामार्गे निघालेला रस्ता बपेऱ्याला पोचतो आणि बावनथडी नदीवर आला की महाराष्ट्र संपतो. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. या भागात मी अनेक वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले. मुलेमुली सायकलने येत, आणि रोवणीचे दिवस असले की वर्ग निम्मा रिकामा असे. अशा वर्गाला जागे ठेवायचे तर मास्तराला अधूनमधून एखादे चटकदार वाक्य फेकावे लागते. मीही फेकत असे. त्यातलेच एक वाक्य माझ्या अंगाशी आले. आजचे भाषण त्याबद्दल आहे.

प्रकाश आणि द्रव्याच्या दुहेरी स्वरूपाचा धडा चालू होता. मी ऐटीत म्हणालो, "क्वांटम भौतिकी सांगते, तुम्ही पाहता म्हणून जग आहे. पाहणाऱ्याच्या नजरेने वास्तव घडते." वर्ग गप्प झाला. मला बरे वाटले. तास संपला.

महिना-दीड महिन्यानंतर एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. हुशार, पण फारशी न बोलणारी. तिच्या आईला त्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. मुलगी म्हणाली, "सर, एक विचारू? तुम्हीच सांगितलं होतं नं, पाहणाऱ्याच्या नजरेनं वास्तव घडतं म्हणून. मी रोज सकाळी डोळे मिटते, आई चालते आहे असं पाहते, मग डोळे उघडते. माझं पाहण्यात काही चुकतं का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर चैन पडेना. आईचा आजार पुरेसा नव्हता म्हणून की काय, तो बरा होत नाही याचा दोषही ती पोर स्वतःकडे घेत होती. आणि तो दोष तिच्या पदरात विज्ञानाच्या नावाने मी घातला होता. मग मी पुस्तके काढली आणि स्वतःलाच विचारले, आपण जे सांगितले ते खरे आहे का? आणि खरे नसेल, तर खरे काय आहे?

सुरुवात रोजच्या अनुभवापासून करू. पाहण्याने पाहिलेली गोष्ट बदलते, हे आपल्याला नवे नाही. सीमेवरच्या नाक्यावर खाकी वर्दी दिसली की ट्रकवाला वेग कमी करतो. शाळा तपासायला साहेब आले की एरवी ओस असलेला वर्गही भरलेला दिसतो. वाटीभर गरम पाण्यात थंड तापमापी बुडवली तर पाण्याची थोडी उष्णता तापमापीच घेते. पण या सगळ्यात काही गूढ नाही. ट्रकचा वेग आपण पाहण्याआधीही काहीतरी होताच. आपण फक्त त्यात लुडबूड केली. अणूच्या जगातला प्रश्न याहून खोल आहे. तिथे विचारायचे असते, की पाहण्याआधी त्या वेगाला काही ठरलेले मूल्य होते तरी का?

धानाची पाण्याने भरलेली बांधी डोळ्यांपुढे आणा. मधल्या धुऱ्याला दोन ठिकाणी तोंड फोडले आहे आणि अलीकडे आपण पाण्यात लाटा उठवतो आहोत. दोन्ही तोंडांतून लाटा पलीकडे जातात आणि एकमेकींत मिसळतात. कुठे उंचवटा उंचवट्याला मिळून पाणी जास्त हलते, कुठे उंचवटा खळग्याला मिळून पाणी शांत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांनी प्रकाशाच्या बाबतीत हेच दाखवले. दोन चिरांतून गेलेल्या प्रकाशाचे पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. म्हणजे प्रकाश लाटेसारखा वागतो.

इलेक्ट्रॉन मात्र कण. निदान आपण तसे समजत होतो. १९८९ मध्ये जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. पडद्यावर दर वेळी एकच ठिपका उमटे, कणाचा उमटावा तसा. शेकडो ठिपके झाले तरी नुसता शिंतोडा. पण हजारोंच्या संख्येने ठिपके जमले तेव्हा त्यातून पट्टे उभे राहिले. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन होता, मग तो मिसळला कोणाशी? दोन्ही वाटांची शक्यता त्या एकट्यातच होती, असे म्हणावे लागते. आणि इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची नोंद ठेवणारी व्यवस्था तिथे केली, की पट्टे नाहीसे होतात.

माझ्या चटकदार वाक्याचा जन्म इथलाच. पाहिले नाही तर पट्टे, पाहिले तर पट्टे गायब. म्हणजे नजरेने वास्तव बदलले! हे वाक्य मी एकट्यानेच फेकले असे नाही. युजीन विग्नर हे नोबेल मिळवलेले मोठे भौतिकशास्त्रज्ञ. मापन पूर्ण व्हायला जाणीव, म्हणजे पाहणाऱ्याचे मन लागते, असा विचार त्यांनी १९६१ मध्ये गांभीर्याने मांडला होता. पुढे त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. पण विचार मागे घेतला गेला, वाक्य मात्र जगभर फिरत राहिले.

इथे "पाहणे" म्हणजे नेमके काय, हे दोन प्रयोगांतून स्पष्ट होते.

पहिला प्रयोग व्हिएन्नातला. तिथे १९९९ मध्ये कार्बनच्या साठ अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंचेही असे पट्टे मिळाले होते. २००४ मध्ये त्याच गटाने सत्तर अणूंचे रेणू घेतले आणि जाळीतून जाण्याआधी ते लेसरने तापवले. तापलेले लोखंड लाल दिसते, कारण ते प्रकाश बाहेर टाकते. तापलेला रेणूही वाटेत प्रकाशाचे कण सोडत जातो, आणि रेणू कुठे होता याची खबर त्या कणांबरोबर बाहेर जाते. रेणू जसजसे अधिक तापवले तसतसे पट्टे पुसट होत शेवटी नाहीसे झाले. आता लक्षात घ्या, ते बाहेर पडलेले प्रकाशकण कोणीही गोळा केले नव्हते. कोणी पाहत नव्हते, कोणाच्या मनात काही नव्हते. खबर बाहेर गेली एवढेच पुरेसे झाले.

दुसऱ्या प्रयोगामागे भारतीय डोकी आहेत. ई. सी. जी. सुदर्शन हे मूळचे केरळचे. तरुणपणी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९७७ मध्ये त्यांनी आणि बैद्यनाथ मिश्र यांनी गणिताने दाखवले, की एखाद्या अस्थिर क्वांटम अवस्थेवर वारंवार मापन केले तर तिचा बदल खोळंबतो. आपल्या घरातल्या बाया सांगतात, दुधाकडे टक लावून बसले की ते उतू जात नाही आणि पाठ फिरली की जाते. दुधाच्या बाबतीत हा मनाचा भास आहे. अणूच्या बाबतीत मात्र ते खरे निघाले. १९९० मध्ये अमेरिकेत वेन इटानो आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या काही हजार आयनांवर हा प्रयोग केला. एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या आयनांवर मधे मधे लेसरचे ठोके दिले. ठोके जितके जास्त, तितके पलीकडे पोचणारे आयन कमी. इथे "पाहणारा" कोण? लेसर. प्रयोग करणारा त्या वेळी चहा प्यायला बाहेर गेला असता, तरी निकाल तोच आला असता.

म्हणजे क्वांटम भौतिकीतले निरीक्षण हे डोळ्यांचे काम नाही आणि मनाचेही नाही. एका वस्तूची खबर दुसऱ्या वस्तूवर कायमची उमटणे, याला तिथे निरीक्षण म्हणतात. ती उमट प्रकाशकणावर असेल, हवेच्या रेणूवर असेल किंवा यंत्राच्या काट्यावर असेल. शास्त्रज्ञांनी रोजच्या भाषेतला शब्द उचलला आणि आपण त्याला रोजचाच अर्थ चिकटवला. घोटाळा इथे झाला.

पण श्रोतेहो, एवढ्याने सुटका होत नाही. "मग पाहण्याने काहीच होत नाही, सगळे आधीच ठरलेले असते, आपल्याला फक्त कळत नसते," असे म्हणून मोकळे होता येत नाही. आइन्स्टाइन यांची श्रद्धा साधारण अशीच होती. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुथ गावी रवींद्रनाथ टागोर त्यांच्या घरी गेले होते. माणसापासून स्वतंत्र असे सत्य असते का, यावर दोघे बोलले. टागोर म्हणत होते, आपल्याला ठाऊक असलेले जग हे माणसाचे जग आहे. आइन्स्टाइन म्हणत होते, घरात कोणी नसले तरी हे टेबल आहे तिथेच राहते. पुढे अब्राहम पाइस या सहकाऱ्याबरोबर चालताना त्यांनी मधेच थांबून विचारले होते, मी पाहतो तेव्हाच चंद्र असतो असे तुम्हाला खरेच वाटते का?

या वादाचा निकाल प्रयोगाने लावता येईल असे अनेक वर्षे कोणाला वाटले नव्हते. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी त्याची वाट दाखवली. दूर गेलेल्या दोन कणांचे गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि एकाचा दुसऱ्यावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर मापनांच्या जुळणीला एक मर्यादा असली पाहिजे, असे त्यांचे गणित होते. प्रयोगांत ही मर्यादा ओलांडली गेली. त्या कामासाठी क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. आपल्या मुंबईच्या टाटा संस्थेत वीरेंद्र सिंह आणि एस. एम. रॉय यांनीही या मर्यादांच्या गणितावर महत्त्वाचे काम केले आहे.

आता मुंबईहून पुण्याला येऊ. १९८५ मध्ये अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग यांनी एक कसोटी सुचवली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता: कोणी पाहत नसताना ते तिथे असते का? ही कसोटी बैलाच्या उदाहरणाने सांगतो.

समजा, एक बैल खुंट्याला बांधला आहे. त्याचे तोंड पूर्वेला असते किंवा पश्चिमेला. आपण सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहतो. दोन वेळची दिशा जुळली तर अधिक एक गुण, न जुळली तर उणे एक. सकाळ-दुपारचा गुण आणि दुपार-संध्याकाळचा गुण यांची बेरीज करा, त्यातून सकाळ-संध्याकाळचा गुण वजा करा. तिन्ही वेळा दिशा एकच असेल तर एक अधिक एक वजा एक, उत्तर एक. फक्त सकाळची किंवा फक्त संध्याकाळची दिशा वेगळी असेल तरी उत्तर एकच. फक्त दुपारची वेगळी असेल तर उणे तीन. चौथा प्रकार नाही. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. बैल कितीही लहरी असला, कितीही दिवस पाहिला, तरी सरासरी एकाच्या वर जाऊ शकत नाही. अट दोनच. आपण पाहत नसतानाही बैलाला काहीतरी एक दिशा असते, आणि आपण पाहिल्याने तो बिचकून वळत नाही.

क्वांटम गणित सांगते, की योग्य वेळा निवडल्या तर हे उत्तर दीडपर्यंत जाऊ शकते.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, विक्रम आठल्ये, सौम्य सिंघ रॉय आणि टी. एस. महेश यांनी ही कसोटी घेतली. त्यांचा निबंध २०११ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात आला. त्यांचा बैल म्हणजे द्रवातल्या रेणूंचे अणुगर्भ. प्रबळ चुंबकात ठेवल्यावर ते भोवऱ्यासारखे डोलतात. निकालात आढळले, की थोड्या वेळाच्या अंतराने मापन केले तर एकाची मर्यादा ओलांडली जाते. पण अंतर वाढत गेले आणि अणुगर्भांचा भोवतालाशी संबंध येऊन त्यांच्या डोलण्यातला मेळ मोडला, की ते शहाण्या बैलासारखे मर्यादेत राहतात. हा प्रयोग अब्जावधी रेणूंच्या जमावावर होतो, एका बैलावर नाही, हे खरे. तरी मला त्याचे फार मोल वाटते. क्वांटम वागणे आणि आपले ओळखीचे वागणे यांच्यामधली सीमा या एकाच प्रयोगात दिसते. आणि ती ओलांडायला कोणाची नजर लागत नाही, भोवताल पुरतो.

म्हणूनच चंद्राची काळजी नको. त्याच्यावर सूर्यप्रकाश सतत आदळतो आहे, धूळ आदळते आहे. त्याची खबर क्षणोक्षणी चहूकडे जाते आहे. सारे विश्वच त्याला पाहत असताना माझ्या-तुमच्या डोळे मिटण्याने त्याचे काय बिघडणार?

राहिला मुख्य प्रश्न. एकट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तरी निरीक्षणाने वास्तव घडते का? प्रामाणिक उत्तर असे, की यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. नील्स बोर म्हणत, मापनाची मांडणी वगळून गुणधर्माबद्दल बोलण्यात अर्थ नाही. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये कणांना नेहमीच ठरलेली जागा असते असे मांडले, पण त्यासाठी दूरदूरच्या कणांचे थेट नाते मान्य केले. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सर्वच शक्यता खऱ्या होतात असे सुचवले. या मतांतले अंतर फार मोठे आहे. पण एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीसाठी नेमकी तीच महत्त्वाची होती. कोणते मापन करायचे, म्हणजे निसर्गाला कोणता प्रश्न विचारायचा, हे माणूस ठरवू शकतो. उत्तर काय यावे हे तो ठरवू शकत नाही. उत्तरांच्या शक्यतांचे प्रमाण गणिताने बांधलेले आहे. मॅक्स बोर्न यांनी तो नियम १९२६ मध्ये सांगितला. इच्छेने, श्रद्धेने किंवा डोळे मिटून ते प्रमाण केसभरही हलल्याचे आजवर कोणी दाखवलेले नाही. आपला नंबर यावा म्हणून सोडतीच्या डब्याकडे कितीही प्रेमाने पाहिले तरी चिठ्ठी बदलत नाही, तसेच.

म्हणून "क्वांटम" या शब्दाच्या नावावर कडे, पाणी, उपचार किंवा विचारांची शक्ती विकायला कोणी आले, तर त्याला एवढेच विचारा: उत्तर निवडून देणारा प्रयोग कुठे झाला? २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आणि २०२५ हे आंतरराष्ट्रीय क्वांटम वर्ष म्हणून साजरे झाले. हा शब्द आता गावोगावी पोचणार. त्याच्याबरोबर भोंदूगिरीही पोचेल. खरा अर्थ माहीत असलेला बरा.

आता त्या मुलीचे सांगतो. चार दिवसांनी मी तिला पुन्हा थांबवले. पहिले वाक्य म्हणालो, "बेटा, मी चुकीचे शिकवले होते." हे म्हणायला मास्तराला जड जाते, पण म्हणालो. मग वर सांगितले तेच तिच्या भाषेत सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी काहीच करू शकत नाही?"

मी तिला आईचे नागपूरचे कागद आणायला सांगितले. त्यात मेंदूचा एमआरआय होता. मी म्हणालो, "हे बघ, हे खरे क्वांटम निरीक्षण. तुझ्या आईच्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणुगर्भ आहेत. चुंबकात ते डोलले, त्यांचा मेळ कुठे लवकर मोडला आणि कुठे उशिरा, ते यंत्राने मोजले, आणि त्यावरून इजा कुठे झाली ते डॉक्टरांना दिसले. यंत्राच्या पाहण्याने गुठळी झाली नाही, पाहण्याने ती गेलीही नाही. पण पाहिले म्हणून कोणते औषध द्यायचे आणि कोणता व्यायाम करून घ्यायचा, हे ठरवता आले." व्यायामाचा कागद त्या गठ्ठ्यात खाली होता. त्यावर रोज दोन वेळा असे लिहिले होते. घरात तो कोणी नीट वाचलाच नव्हता.

त्या दिवसापासून ती मुलगी सकाळी डोळे मिटून बसण्याऐवजी आईचा हात धरून तो व्यायाम करून घेऊ लागली. शेवट गोड करून सांगायचा मोह होतो, पण तसा तो नाही. आई काठी घेऊन अंगणापर्यंत येऊ लागली, उजवा हात मात्र पुरता उचललाच नाही. मुलीने आपल्याला दोष देणे मात्र सोडले.

वर्गात मी नंतरही क्वांटम भौतिकी शिकवली. ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही. त्याऐवजी मी बैलाचे कोडे घालतो आणि मुलांना स्वतः गुण मांडायला सांगतो. एकाच्या वर उत्तर येत नाही अशी खात्री पटली की मग सांगतो, पुण्यात आले होते. तेव्हा वर्ग जो गप्प होतो, तो मला आता जास्त आवडतो.